कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी: पार्ट कोणत्या क्रमाने निवडायचे

गेल्या मार्चमध्ये तासगावचे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात पडले होते आणि दहावीला दिलेला शब्द त्यांना पाळायचा होता. सोबत एका दुकानाचं कोटेशन होतं: ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट, एकूण ३४ हजार.’ आकडा बसत होता, मुलाला लाइट आवडले होते. मी एवढंच विचारलं, “आय-सेव्हन कोणता?” त्यांनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. उत्तर आलं, ३७७०. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा पार्ट, जीटी ७३०.

३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. कुठल्या तरी ऑफिसातून मशिन भंगारात निघतात, त्यातले असे प्रोसेसर नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून विकले जातात. त्याला चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत. २०२२ च्या आय-थ्री १२१००एफलाही तेवढेच आहेत, पण हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय ३७७० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जीटी ७३० तर २०१४ चं, फक्त चित्र दाखवण्यापुरतं कार्ड. त्यावर ४ जीबी असली तरी मोठ्या टाकीला बारीक तोटी लावावी तशी गत.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी एक नियम करा. कोटेशनवर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायचा. ‘आय-फाइव्ह’, ‘८ जीबी कार्ड’, ‘गेमिंग बोर्ड’ असं मोघम लिहिलेलं असेल तर तो कागद परत द्या. प्रामाणिक दुकानदार नंबर लिहून द्यायला कधीच कचरत नाही.

पहिली पायरी: स्क्रीनपासून सुरुवात

बहुतेक मुलं आधी कॅबिनेट पसंत करतात, मग प्रोसेसर, आणि उरलेल्या पैशांत कार्ड. हा क्रम नेमका उलटा करायला हवा. मशिनला किती काम पडणार हे स्क्रीन ठरवते. १०८०पी स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि फोर-केवर १०८०पीच्या चौपट. प्रत्येक फ्रेमला कार्डाला तेवढे पिक्सेल रंगवायचे असतात. बजेट मर्यादित असेल तर १०८०पीवर समाधान माना आणि त्यातल्या त्यात १०० किंवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) आयपीएस, म्हणजे रंग चांगले दाखवणाऱ्या पॅनेलचा, मॉनिटर बघा. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सध्या तोच वापरा, वाचलेले पैसे कार्डात घाला.

त्याच वेळी कोणते गेम खेळायचे ते कागदावर लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा गेमना प्रोसेसर चांगला लागतो, कार्ड मध्यम चालतं. मोठ्या कथेचे नवे गेम खेळायचे तर सगळा भार कार्डावर येतो. व्हॅलोरंटच खेळणाऱ्या मुलाला महागडं कार्ड घेऊन देणं म्हणजे दुधाच्या दोन कॅन पोचवायला दहाचाकी ट्रक घेण्यासारखं आहे.

दुसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड

मॉनिटर सोडून जे बजेट उरतं त्याचा ३५ ते ४० टक्के भाग कार्डासाठी बाजूला काढा. १०८०पीसाठी स्वस्तात भागवायचं तर माझी पहिली पसंती आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी आणि वीज १३२ वॉट. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६०, तेही ८ जीबी आणि वीज ११५ वॉट.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण एकाच नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात असतात. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीतही मिळतं आणि ६ जीबीतही. वाटतं, फरक फक्त २ जीबीचा. प्रत्यक्षात ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही १२८ ऐवजी ९६ बिटचा, म्हणजे अरुंद. त्याचा एकच खरा उपयोग आहे: ते ७० वॉटवर चालतं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, म्हणून घरातल्या जुन्या ऑफिस पीसीत बसवता येतं. नवं मशिन बांधताना ते घेऊ नका. आरएक्स ६५०० एक्सटीचंही तसंच. ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड) जोडणाऱ्या लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, फक्त चार. पीसीआयई ३ (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) असलेल्या जुन्या बोर्डावर ते आणखी मंदावतं.

सेकंडहँड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० त्यांतलंच. त्यातही ‘२०४८एसपी’ नावाचा प्रकार असतो, तो मूळ ५८० पेक्षा कमजोर. विकणाऱ्याच्या घरी जाऊन जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि शेडर, म्हणजे कार्डातले कोअर, किती ते बघा. मूळ ५८० ला २३०४ दिसतात. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवा. पंखा खरखरतोय का, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का, स्क्रू कुणी उघडलेत का, हे तपासा. एक मोठी अडचण मात्र राहतेच: डूम: द डार्क एजेससारखे २०२५ चे गेम रे-ट्रेसिंगची (प्रकाशाचे किरण हिशोबात धरून चित्र काढण्याची) सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ५८० मध्ये ती सोय नाही. आरएक्स ६६०० मध्ये आहे.

तिसरी पायरी: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र

हे तिघं वेगवेगळे निवडता येत नाहीत. कोणता प्रोसेसर बोर्डावरच्या कोणत्या सॉकेटमध्ये (खाचेत) बसतो आणि तो बोर्ड कोणती रॅम घेतो, हे आधीच ठरलेलं असतं.

कमी बजेटला आजही एएमडीचं एएम४ सॉकेट परवडतं. त्यात रायझन ५ ५६०० घ्या: सहा कोअर, बारा थ्रेड, सोबत बी४५० किंवा बी५५० बोर्ड. बी४५० जुना असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या, असं दुकानात आधी सांगा, नाहीतर मशिन चालू होणार नाही आणि तुम्ही रात्रभर कारण शोधत बसाल. इंटेलमध्ये आय-थ्री १२१००एफ किंवा आय-फाइव्ह १२४००एफ, एच६१० बोर्डासह. एएम४ २०१६ पासून आहे, तिथे पुढचा रस्ता संपत आलाय हे मान्य. पाच वर्षं प्रोसेसर बदलत राहायचा विचार असेल तर एएम५ कडे जा. तिथे नव्या पिढीची डीडीआर५ रॅम लागते, खर्च वाढतो.

इंटेलच्या नंबरामागचा ‘एफ’ नीट वाचा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. रायझन ५ ५६०० लाही आत ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. कार्डासाठी आत्ता पैसे नसतील तर ५६००जी घेऊन वर्षभर हलके गेम खेळता येतात. पण त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० चा ३२. पुढे कार्ड बसवल्यावर हा फरक जाणवतो. कार्ड चार-सहा महिन्यांत येणारच असेल तर थांबून ५६०० च घ्या, असं माझं मत.

रॅम १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन स्टिकमध्ये. दोन स्टिक म्हणजे दोन रस्ते. ५६००जी असेल तर हे सक्तीचंच समजा, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅममधून काम भागवतं. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे जुनं कोटेशन धरून बसू नका, त्या दिवसाचा भाव विचारा. सेकंडहँड डीडीआर४ रॅम घ्यायला माझी हरकत नाही. रॅम सहसा बिघडत नाही आणि मेमटेस्ट८६ एकदा पूर्ण चालवलं की खात्री पटते.

एसएसडी (गेम साठवायची जागा) १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे जलद प्रकारची, घ्या. मोठे गेम आज शंभर जीबीच्या पुढे जातात, ५०० जीबी दोन महिन्यांत भरते.

चौथी पायरी: एसएमपीएस आणि घरातली वीज

पैसे वाचवायला लोक पहिली कात्री एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याला, लावतात, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. माझ्या भाच्याने सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीवर पहिलं मशिन बसवलं, ते कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला, लाइट दोनदा लपलपली, ‘फट्’ असा आवाज झाला आणि खोलीत जळकट वास पसरला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना बोर्डही घेऊन गेला. नंतर तो एसएमपीएस मी हातात घेतला तर रिकाम्या डब्याइतका हलका. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसचं वजन हाताला लगेच कळतं.

हिशोब सोपा आहे. आरएक्स ६६०० चे १३२ वॉट, ५६०० चे पूर्ण भारावर ७५ च्या आसपास, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा. झाले २६० वॉट. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॉटचा एसएमपीएस सांगते. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ५५० वॉट, नावाजलेल्या कंपनीचा आणि किमान तीन, शक्यतो पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. ‘७५० वॉट’ छापलेलं आणि ब्राँझचा शिक्काही नसलेलं खोकं कितीही स्वस्त असलं तरी नको.

यूपीएसची गणितंही पाहा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मशिन आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या आसपास गेले की तो ऐन गेममध्ये कुंईकुंई करत बसतो, बॅटरी जुनी असेल तर बंदच पडतो. हजार व्हीएच्या वरचा घ्या. तोही खेळत राहायला नाही, सेव्ह करून नीट बंद करता यावं म्हणून.

आणि अर्थिंग. गावभागातल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळे. वायरमनला बोलावून मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. त्याला द्यायचे दोन-चारशे रुपये बजेटमध्येच धरा.

पाचवी पायरी: कॅबिनेट

समोर जाळी असलेलं, दोन पंखे पुढे, एक मागे. काचेचा बंद दर्शनी भाग नको. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हवेला वाट हवी. जाळीमागे निघणारा फिल्टर हवाच. ऊसाच्या हंगामात धुराड्याची काजळी गच्चीवर पडते तशी ती मशिनमध्येही जाते. महिन्यातून एकदा फिल्टर काढून धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा.

सहावी पायरी: खरेदी आणि जोडणी

गणपती पेठ, विश्रामबाग, कोल्हापूर, पुणे, ऑनलाइन, सगळीकडचा भाव काढा. पण पाचशे-हजाराच्या फरकासाठी पुणं गाठू नका. वॉरंटीला पार्ट पाठवायची वेळ येते तेव्हा जवळचा दुकानदार उपयोगी पडतो. बिल जीएसटीसह पक्कं घ्या आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएसचे सिरियल नंबर टाकून घ्या. प्रोसेसर खोक्यातला घ्या. ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्यासोबत कूलर येत नाही.

जोडणी शांतपणे, टेबलावर करा. भडंग खाऊन तेलकट झालेली बोटं आधी साबणाने धुवा. मग एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेलमध्ये बोर्डावर; दोन्हीकडे कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर अलगद सोडा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. खोक्यातल्या कूलरला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते. वेगळी लावायची झाली तर मटाराच्या दाण्याएवढी पुरते. रॅम मात्र दाबावी लागते, खटका ऐकू येईपर्यंत. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा.

मॉनिटरची वायर कार्डाला जोडा, बोर्डाला नाही. ‘नवीन मशिन, पण डिस्प्ले येत नाही’ असे जे फोन मला येतात, त्यात बऱ्याचदा वायर बोर्डाच्या वरच्या भोकात असते.

पहिल्यांदा चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू आहेत का बघा, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ हाताने वाढवा. १४४ चा मॉनिटर घेऊन सहा महिने ६० वर खेळलेली मुलं मी पाहिली आहेत. मग तासभर गेम चालवून तापमान पाहा. प्रोसेसर ९० अंशांना टेकत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, काढून पुन्हा बसवा.

तासगावच्या मुलाचं मशिन शेवटी मे महिन्यात झालं. आरएक्स ६६०० सेकंडहँड, बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेलं. बाकी सगळं नवं, आणि कॅबिनेटला एकही रंगीत लाइट नाही. वडिलांनी सगळी खोकी आणि बिलं वर्तमानपत्रात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवली. सांगली शहरात नदीच्या बाजूला, मारुती चौकाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिथे घरांत पाणी शिरलं होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांकडे निघाली की मशिनच्या वायरी काढायच्या, कार्ड सोडवून त्याच्या खोक्यात घालायचं आणि कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्यायचं.