काम्पो लिहून देताना: पोटावरच्या हातापासून ज्येष्ठमधाच्या हिशेबापर्यंत

काम्पो म्हणजे जपानची पारंपरिक वनौषधी पद्धत. जपानमध्ये काम्पो देणाऱ्या डॉक्टरची पदवी वेगळी नसते. आधुनिक वैद्यकाचा परवाना असलेला डॉक्टरच एका कागदावर रक्तदाबाची गोळी आणि काम्पोची पुडी लिहितो, आणि दोन्ही राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात. १९६७ साली मोजकी काम्पो औषधे विम्याच्या यादीत आली, १९७६ मध्ये यादी एकदम वाढली, आज तिच्यात १४८ योग, म्हणजे औषधांची ठरलेली मिश्रणे, आहेत. २००१ पासून वैद्यकीय महाविद्यालयांच्या आदर्श अभ्यासक्रमातही काम्पो आहे. पुड्यांवर क्रमांक छापलेले असल्यामुळे लिहून देणे फारच सोपे झाले: सर्दीला १, पायात गोळे आले तर ६८, चिडचिड्या स्मृतिभ्रंशाला ५४. बहुतेक चुका या सोपेपणातूनच होतात. क्रमांक रोगाच्या नावावरून आठवतो, पण पुडीत नेमके काय आणि किती आहे, हे बघायचे राहून जाते.

काम्पोची पुडी लिहिताना दोन प्रश्न कधीच सोडू नयेत. हा योग या शरीराला मानवणारा आहे का? आणि यातली कोणती वनस्पती याला अपाय करू शकते? पहिला प्रश्न जुन्या शास्त्राचा, दुसरा आजच्या रक्ततपासणीचा. पहिल्यात चुकलात तर बहुधा गुण येत नाही. दुसऱ्यात चुकलात तर रुग्ण दवाखान्यात भरती होतो.

पुडी, पाणी आणि वेळ

आज बहुतेक काम्पो दाणेदार अर्काच्या रूपात मिळते. त्सुमुरा कंपनीच्या बहुतेक योगांची प्रौढांसाठीची मात्रा दिवसाला ७.५ ग्रॅम, म्हणजे २.५ ग्रॅमच्या तीन पुड्या. नाव एक असले तरी कंपनीगणिक वनस्पतींचे प्रमाण बदलते. त्सुमुराच्या काक्कोन्तोमध्ये कुडझूचे मूळ, म्हणजे काक्कोन, दिवसाला ४ ग्रॅमच्या हिशेबाने असते, तर कुराशिए कंपनीच्या काक्कोन्तोमध्ये ८ ग्रॅम. म्हणून कंपनी बदलली की माहितीपत्रक पुन्हा वाचायचे.

पुडी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, रिकाम्या पोटी घ्यायची. त्यामागचे सांगितले जाणारे कारण पटण्यासारखे आहे. रिकाम्या जठरात आम्लता जास्त असते, त्यामुळे एफेड्रा आणि बचनागातली अल्कलॉइड हळू शोषली जातात. ज्येष्ठमध आणि रेवाचिनीतले घटक आतड्यातल्या जिवाणूंनी फोडल्यावरच कामाला लागतात, तेव्हा त्यांनी तिथवर लवकर पोहोचलेले बरे. याच कारणाने अँटिबायोटिक चालू असताना रेवाचिनीचा योग कमी पडला, तर लगेच मात्रा वाढवू नये. जेवणाआधीची पुडी विसरली तर जेवणानंतर घ्यावी, अजिबात न घेण्यापेक्षा ते बरे. हाचिमिजिओगान आणि गोशाजिन्किगान यांत जिओ, म्हणजे रेहमानियाचे मूळ असते आणि ते नाजूक पोटाला जड जाते. असे योग पहिल्यापासूनच जेवणानंतर द्यावेत.

पुडी साधारण १०० मिली गरम पाण्यात विरघळवून, वास घेत, सावकाश प्यावी. सर्दीच्या योगांना तर हे हवेच, कारण तिथे अंग गरम होणे हाच उपचाराचा भाग आहे. मळमळ असेल तर उलट करायचे: विरघळवून गार करायचे आणि घोटघोट घ्यायचे. दाण्यांमध्ये बहुतेक वेळा लॅक्टोज मिसळलेले असते. दूध न पचणाऱ्याला जुलाब झाले, तर वनस्पतींना दोष देण्याआधी हे आठवावे.

कच्च्या वनस्पतींचा काढा करायचा असेल तर एका दिवसाच्या मात्रेला सुमारे ६०० मिली पाणी घ्यायचे, मंद आचेवर ३० ते ४० मिनिटांत ते निम्मे करायचे आणि गरम असतानाच गाळायचे. गार झाल्यावर गाळले तर काही द्रव्ये चोथ्यातच राहतात. लोखंडी भांडे वापरू नये, टॅनिनशी त्याची प्रक्रिया होते.

पोटावर हात

रुग्णाची जी एकूण ठेवण बघून योग निवडतात, तिला काम्पोत 'शो' म्हणतात. अंगात बळ आहे की नाही, गारवा आहे की उष्णता, दुखणे वरवरचे आहे की खोल गेलेले, आणि कि, केत्सु, सुइ म्हणजे ऊर्जा, रक्त, पाणी यांपैकी काय अडले किंवा आटले, हे सगळे त्यात येते. नाडी आणि जीभ बघतातच, पण जपानी परंपरेचे खास बळ पोटाच्या तपासणीत आहे. १८व्या शतकात योशिमासु तोदो यांनी तिच्यावर विशेष भर दिला.

रुग्णाला लघवी करून येऊ द्या. उताणे झोपवून पाय सरळ ठेवायला सांगा. गुडघे दुमडून केलेली नेहमीची तपासणी वेगळी करावी, दोन्हींची सरमिसळ करू नये: गुडघे दुमडले की पोटाचा ताण जातो आणि इथे तर तो ताणच बघायचा असतो. हात ऊबदार हवेत. आधी तळहाताने सगळ्या पोटाचा एकूण जोर बघायचा. मग बोटे बरगड्यांच्या कडेखालून छातीच्या दिशेने दाबायची. तिथे अडथळा आणि अस्वस्थता असेल तर साइको, म्हणजे ब्यूप्लेउरमचे मूळ, असलेल्या योगांचा विचार होतो. बेंबीच्या खाली तिरक्या दिशेने, दोनेक बोटांवर, दाबल्यावर दुखते का? ती रक्त साचल्याची खूण मानतात आणि केइशिबुकुर्योगान आठवतात. बेंबीखालचे पोट वरच्या भागापेक्षा पोकळ, मऊ लागले तर हाचिमिजिओगान.

जठराच्या भागातला पाण्याचा आवाज ऐकताना मात्र गुडघे दुमडू द्यावेत. मनगट सैल सोडून बोटांच्या टोकांनी टिचक्या मारल्या की अर्धवट भरलेल्या पिशवीसारखा डुचमळल्याचा आवाज येतो. असा आवाज, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, किरकोळ अंगकाठी आणि थकवा एकत्र आले की रिक्कुन्शितो. एंडोस्कोपीत काही न सापडणाऱ्या अपचनासाठी तो जपानमध्ये भरपूर वापरला जातो. पण एंडोस्कोपी आधी, टिचक्या नंतर. वजन घटत असेल, शौच काळे होत असेल किंवा उलटीत रक्त असेल तर हा क्रम उलटा करण्याची चैन परवडत नाही.

सर्दीत सगळा खेळ पहिल्या दिवसाचा

त्सुमुराच्या काक्कोन्तोत दिवसाला काक्कोन ४ ग्रॅम, सुकवलेली जुजुबे बोरे ३, माओ म्हणजे एफेड्रा ३, आणि ज्येष्ठमध, दालचिनी, शाकुयाकु म्हणजे पिओनीचे मूळ व आले प्रत्येकी २ ग्रॅम, असे प्रमाण असते. तो कामाचा असतो तो थंडी वाजते आहे, मानपाठ आखडली आहे आणि घाम आलेला नाही तेव्हा. पहिली पुडी गरम पाण्यातून घेऊन पांघरुणात शिरायचे. अंगाला हलका घाम सुटला की काम झाले, पुढची पुडी नको. भिजून चिंब होईपर्यंत घाम काढला तर माणूस उलट गळून जातो. तीन दिवस उलटल्यावर, घाम येऊन गेल्यावर सुरू केलेला काक्कोन्तो हा निव्वळ सवयीचा भाग आहे.

ताप चढा, सांधे ठणकताहेत, घाम नाही आणि प्रकृती दणकट असेल तर माओतो. नाकातून पाण्यासारखी धार आणि शिंकांचा सपाटा असेल तर शोसेइर्यूतो. वृद्ध, फिकट, नुसती थंडी वाजणारा आणि घसा टोचणारा रुग्ण असेल तर माओबुशीसाइशिन्तो. सर्दी गेली पण कोरडा, ढास लागणारा खोकला उरला असेल तर बाकुमोन्दोतो.

माओ म्हणजे एफेड्रिन, हे विसरून चालत नाही. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, थायरॉइडचा अतिरेक असेल तर सांभाळून. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एका रात्रीत अडू शकते. थिओफिलीन हे दम्याचे औषध किंवा दुसरे एफेड्रिनयुक्त सर्दीचे औषध चालू असेल तर धडधड आणि झोपमोड ठरलेलीच.

ज्येष्ठमध मोजा

१४८ योगांपैकी बहुसंख्यांत ज्येष्ठमध, म्हणजे कान्झो आहे. त्यातल्या ग्लिसिरायझिनपासून आतड्यात तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडातले एक विकर अडवतात. हे विकर एरवी कॉर्टिसॉलला तिथे निष्प्रभ करते. ते बंद पडले की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखे वागू लागते: मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम वाहून जाते. तपासणीत रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी सापडतात, म्हणून याला आभासी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात.

दिवसाच्या पूर्ण मात्रेत किती कान्झो पोटात जाते, ते त्सुमुराच्या पुड्यांवरून पाहा. शाकुयाकु-कान्झोतो ६ ग्रॅम, शोसेइर्यूतो ३, हान्गेशाशिन्तो २.५, काक्कोन्तो आणि बाकुमोन्दोतो २, योकुकान्सान, होच्यूएक्कितो, कामिशोयोसान आणि माओतो १.५, रिक्कुन्शितो १. गोरेइसान, केइशिबुकुर्योगान, तोकिशाकुयाकुसान आणि दाइकेन्च्यूतो यांत शून्य. दिवसाला २.५ ग्रॅम किंवा जास्त कान्झो असलेले योग अल्डोस्टेरॉनिझम, स्नायुविकार आणि कमी पोटॅशियम असलेल्यांना वर्ज्य आहेत.

आता एक नेहमीची चिठ्ठी घ्या. ८० वर्षांच्या बाईंना चिडचिडीसाठी योकुकान्सान, अशक्तपणासाठी होच्यूएक्कितो, भूक लागत नाही म्हणून रिक्कुन्शितो. एकही योग २.५ ग्रॅमला पोहोचत नाही, बेरीज मात्र ४ ग्रॅम होते. त्यात पायाच्या सुजेसाठी लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड चालू असेल तर पोटॅशियमला दोन्हीकडून गळती लागते. आणि ती सूज मुळात ज्येष्ठमधाचीच असू शकते.

शाकुयाकु-कान्झोतोचा सापळा आणखी बेरकी आहे. पोटरीत गोळा आला की एक पुडी काही मिनिटांत आराम देते. इतके झटपट काम करणारे काम्पो औषध दुसरे क्वचितच. म्हणून रुग्ण ते रोज तीनदा घेऊ लागतो. पोटॅशियम घसरते, स्नायू दुखतात, पाय जड होतात, गोळे वाढतात आणि तो चौथी पुडी फोडतो. हा योग गरजेपुरताच लिहावा: गोळा आल्यावर किंवा रात्री झोपताना एक पुडी. एका पुडीत २ ग्रॅम कान्झो असते.

सुरू करण्यापूर्वी पोटॅशियम आणि रक्तदाब, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, पुढे दर काही महिन्यांनी, अशी शिस्त वृद्धांच्या बाबतीत तरी हवीच. हातपाय बधिर होणे, मूठ न वळणे, जिना चढताना मांड्या लटपटणे, चेहऱ्यावर सूज आणि वाढता रक्तदाब ही लक्षणे रुग्णाला आधीच सांगून ठेवा. दिसली की औषध बंद, पोटॅशियम, सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी त्याच दिवशी. बंद केल्यावरही परिणाम आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. नुसते पोटॅशियम देऊन भागत नसेल तर अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन लागते.

रुग्णालयातले तीन नेहमीचे वापर

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी सुस्तावतात तेव्हा दाइकेन्च्यूतो देतात: सुंठ, जिन्सेंग, तिरफळाच्या कुळातला सानशो आणि माल्टची साखर. याची मात्रा इतरांच्या दुप्पट, दिवसाला १५ ग्रॅम, पण त्यातले १० ग्रॅम साखरच. मधुमेहात हा आकडा ध्यानात ठेवावा. नळीतून द्यायचा तर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, कोमट करून द्यावा, नाहीतर नळी तुंबते. आतड्याला खराखुरा अडथळा असेल तर याची वाट बघत बसू नये.

केमोथेरपीने तोंड आले असेल तर हान्गेशाशिन्तोची पुडी ५० मिली पाण्यात विरघळवून, गार करून, दिवसातून तीनदा तोंडात खळखळवायची. कान्झो टाळायचे असेल तर थुंकून टाकायची. चव कडू आहे, हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी पुडी तशीच पडलेली दिसते.

योकुकान्सान स्मृतिभ्रंशातल्या आक्रमकपणावर आणि भासांवर देतात. विसराळूपणावर त्याचा उपयोग नाही आणि नातेवाइकांना तशी आशा लावू नये. चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबवावे.

आणखी चार वनस्पती

बुशी म्हणजे प्रक्रिया केलेला बचनाग. प्रक्रियेमुळे विषार खूप उतरतो, तरी जीभ बधिर होणे, धडधड किंवा मळमळ झाली तर मात्रा कमी करावी किंवा बंद करावी. लहान मुले आणि उष्ण प्रकृतीची माणसे यांना तो लवकर बाधतो. दाइओ, म्हणजे रेवाचिनी, बद्धकोष्ठासाठी उत्तम, पण गर्भारपणात टाळावी. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतली तर बाळाला जुलाब होऊ शकतात. वजन कमी करायला म्हणून दुकानातून घेतल्या जाणाऱ्या बोफूत्सूशोसानमध्ये १८ घटक आहेत आणि त्यांत माओ, दाइओ, कान्झो, ओगोन, सानशिशी सगळेच हजर.

सानशिशी म्हणजे गार्डेनियाचे फळ. कामिशोयोसानमध्येही ते असते आणि पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींसाठी तो वर्षानुवर्षे चालू राहतो. पाचेक वर्षांहून जास्त काळ घेतल्यावर मोठ्या आतड्याच्या शिरा कडक होऊन त्यांत कॅल्शियम साठल्याची उदाहरणे आहेत. पोटदुखी, जुलाब किंवा शौचात गुप्त रक्त सापडले तर कोलोनोस्कोपी आणि सीटी करावे. उजव्या बाजूच्या आतड्याचा निळसर-जांभळा रंग ओळखू येतो.

ओगोन, म्हणजे स्कुटेलेरियाचे मूळ, यकृत आणि फुप्फुस दोन्हींना त्रास देऊ शकते. शोसाइकोतो एकेकाळी जुनाट हेपटायटिसमध्ये सर्रास दिला जाई. हेपटायटिसवरच्या इंटरफेरॉन या औषधाबरोबर देण्यास १९९४ मध्ये बंदी आली, तरी मार्च १९९६ मध्ये फुप्फुसाच्या इंटरस्टिशियल दाहाने (वायुकोशांच्या भिंतींच्या दाहाने) १० मृत्यू झाल्यावर सरकारला तातडीची सूचना काढावी लागली. आज तो यकृताचा सिरोसिस, यकृताचा कर्करोग आणि प्लेटलेट १ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या जुनाट हेपटायटिसमध्ये वर्ज्य आहे. ओगोनचा कोणताही योग चालू असताना कोरडा खोकला, ताप आणि चालताना धाप लागली, तर सर्दी समजून दुसरी काम्पो पुडी लिहू नये. औषध त्याच दिवशी बंद करून ऑक्सिजन मोजावा आणि छातीचा सीटी काढावा.