हिरोईन गावातलीच असेल तर : प्रेमाचा विनोदी पिक्चर काढण्याआधी, काढताना आणि टाकल्यावर

वऱ्हाडात काय नि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत काय, मोबाइलवर पिक्चर काढणाऱ्या पोरांची आता कमी नाही. वीस-पंचवीस मिनिटांची प्रेमाची गंमत, एक हिरो, एक हिरोईन, तिचा तिरसट बाप, पानठेल्यावरचे दोन टवाळ आणि सगळं आधीच ओळखून बसलेली आजी. यूट्यूबवर असा पिक्चर चालतो. मात्र चालला की हिरोचं कौतुक होतं आणि हिरोईनची चौकशी. कोणाची पोट्टी हाय? आडनाव काय? बापानं जाऊ कसं देल्लं? ही चौकशी थांबवणं कोणाच्या हातात नसतं. तिला खाद्य किती मिळावं, हे बऱ्याच अंशी पिक्चर काढणाऱ्यांच्या हातात असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम पिक्चर टाकायच्या आधी उरकावं लागतं.

आधी वय, मग बाकी सगळं

प्रेमाच्या भूमिकेला अठरा पूर्ण नसलेली मुलगी घ्यायची नाही. घरचे हो म्हणोत, ती स्वतः हो म्हणो, तरी नाही. वय आधार कार्डावरून ठरवू नका, त्यात जन्मतारखेचे घोळ असतात. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहा. कोवळ्या वयात प्रसिद्धी आली की लोक काय काय मोजायला लागतात, हे महाराष्ट्रानं 'सैराट'नंतर पाहिलं आहे. पिक्चर 2016 चा, आणि 2017 मध्ये रिंकू राजगुरूचे दहावीचे गुण ही राज्यभराची बातमी झाली. तिच्यामागे निदान मोठा पिक्चर होता. तुमच्या हिरोईनच्या मागे तुम्ही चौघंच असता.

हिरोची चिठ्ठी पोहोचवणारं लहान पोरगं अशा गोष्टीत हमखास असतं. ते चौदाच्या आतलं असेल तर बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळालेल्या पैशातले किमान 20 टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. एवढं झेपत नसेल तर चिठ्ठी आजीच्या हातून पोहोचवा. विनोदही वाढतो.

हिरोईनसोबत करार लेखीच करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून त्यासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो. त्यात पैसे किती नि कधी, हे तर येईलच. त्याशिवाय चार गोष्टी हव्यात : पडद्यावर कोणतं नाव जाईल, थंबनेलवर चेहरा वापरायचा की नाही, शूटिंगच्या वेळचे फोटो आणि गमतीचे तुकडे तिला विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि एखादा सीन तिला नको वाटला तर पिक्चर टाकायच्या किती दिवस आधीपर्यंत ती तो काढायला लावू शकते. सात दिवस ठेवा. एक प्रत तिच्याकडे राहू द्या, तिच्या भावाकडे नको.

घरी जाऊन पूर्ण गोष्ट वाचा

नुसतं "चांगला पिक्चर हाय काका, फॅमिलीसोबत पाहाले जमते" म्हणून निघून येऊ नका. ओसरीवर बसा, आई, वडील, आजी असेल तर आजी, सगळ्यांसमोर स्क्रिप्ट पहिल्या पानापासून वाचा. अडचणीचा सीन शेवटी हळूच सांगायचा मोह होतो. तोच आधी सांगा :

"काका, एका सीनमधी ताई त्या पोराच्या गाडीवर बसते. फाट्यापासून पारापर्यंत. मधात पिशवी हाय, अन् पाठीमागून आजी बंडीत येते. बस, तेवढंच."

एवढं नेमकं सांगितलं की वडिलांनाही उद्या ठेल्यावर कोणी छेडलं तर काय बोलायचं ते कळतं. ते उत्तर घरी बसूनच ठरवून घ्या. "हो, काम केलं तिनं, पैसे बी भेटले. तुम्ही पूर्ण पाहिला काय पिक्चर?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात, कारण त्यांनी पंधरा सेकंदांचा तुकडा पाहिलेला असतो.

तो पंधरा सेकंदांचा तुकडा

बदनामी पूर्ण पिक्चरची होत नाही, तुकड्याची होते. कोणीतरी एक सीन कापतो, उभा करतो, त्यावर भलतंच गाणं चढवतो आणि गावाच्या ग्रुपवर सोडतो. म्हणून पिक्चर कापून झाला की एक चाचणी करा. आवाज पूर्ण बंद करा आणि हिरोईन असलेला प्रत्येक सीन दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाडून पाहा. तुमचा विनोद संवादात असतो. आवाज गेला की तो जातो आणि उरतं नुसतं दृश्य. ज्वारीच्या वावरातून दोघं धावत बाहेर येतात, ते रानडुक्कर मागे लागलं म्हणून. आवाज बंद करून पाहिलं तर काय दिसतं, ते सांगायला नको. उपाय साधा आहे : डुक्कर त्याच शॉटमध्ये दिसलं पाहिजे, पुढच्या शॉटमध्ये नाही. डुक्कर मिळणार नाही, तेव्हा मागून काठी घेऊन ओरडत येणारा जागल्या, म्हणजे वावराचा राखणदार, त्याच चौकटीत ठेवा.

चौकटीचंही गणित आहे. आडवा, म्हणजे 16 बाय 9 चा व्हिडिओ उभ्या रीलसाठी कापला की रुंदीचा साधारण तिसरा हिस्साच उरतो, आणि कापणारा बहुतेक वेळा मधला घेतो. दोघं बोलत असताना त्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तिसरं कोणीतरी बसवा. आजी, बकरी, पाण्याची गुंडी, काहीही. मग तुकड्यात एकतर बकरी येते किंवा दोघांपैकी एकच जण येतो. विनोदी पिक्चरला तशीही अडथळ्याची गरज असतेच. दोघांच्या मधात काही नसलं की सीन गंभीर होत जातो, आणि गावातल्या बहुतेक पोरांना गंभीर प्रेम करता येत नाही, अभिनयात तरी.

विनोद कोणावर आहे, तेही तपासा. हिरोईनच्या रंगावर, जाडीवर, बोलण्यावर एक जरी कोटी स्क्रिप्टमध्ये असली तर कमेंटमध्ये तीच शंभर वेळा परत येते; सुरुवात तुम्हीच करून दिलेली असते. हिरोच्या फुशारकीवर हसा, बापाच्या मिशीवर हसा.

रंगाचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याचं बोलू. कापूस फुटलेल्या वावरात मोबाइल पांढऱ्याला धरून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग पोरं घाईनं ब्युटी मोड लावतात, चेहरा पिठासारखा होतो, आणि लोक तिचा खरा फोटो शोधून शेजारी लावतात. ब्युटी मोड बंदच ठेवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड नि फोकस लॉक करा, नंतर पट्टी सरकवून उजेड किंचित वाढवा. दोन बाय तीन फुटांचं पांढरं थर्माकोल उन्हाच्या समोरच्या बाजूनं, छातीच्या उंचीवर धरलं की डोळ्यांखालची सावली जाते. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर शूट करा. एप्रिल-मे मध्ये करूच नका; ऊन 44-45 अंशांवर गेलं की फोनही गरम होऊन बंद पडतो. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण याच दिवसांत कापूस वेचणी असते आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये काम करणारी सरावलेली नटी हवी असेल तर होळीच्या पुढे विचारा. तिला गर्दीची सवय असते, आणि नव्या पोरीला जे समजावण्यात दिवस जातो ते तिला माहीत असतं.

शूटिंगची गर्दी

सगळ्यात जास्त त्रास देणारा व्हिडिओ बहुधा पिक्चरमधला नसतोच. तो बघ्यांपैकी कोणीतरी काढलेला असतो : दोन टेकच्या मधात हिरो-हिरोईन चहा पीत हसताहेत. यावर पोरीला "हसू नको" सांगणं हा उपाय नाही. फोन आवरा. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना तारीख, जागा, वेळ लिहून द्या. कॅमेऱ्यापासून वीस-पंचवीस फुटांवर सुतळी बांधा, आणि तिथं पोरांना उभं करू नका, बचत गटातल्या दोन-तीन बायांना रोजी देऊन उभं करा. "ए, फोन खाली ठेव बरं" हे काकूनं म्हटलेलं लोक ऐकतात. सेटवर हिरोईनशिवाय निदान एक बाई पूर्ण वेळ हवी. कपडे बदलायला आणि संडासाला जवळचं एक घर आधी ठरवून ठेवा. आणि शेवटची एसटी किती वाजता आहे यावरून शूटिंगची वेळ ठरवा, उलटं नको. अंधारात हिरोच्या गाडीवर घरी सोडलं, ही एवढी गोष्ट पूर्ण पिक्चरपेक्षा जास्त फिरते.

जमत असेल तर शूटिंग तिच्या गावात न करता पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात करा.

नाव, गाव, अकाउंट

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव. श्रेयनामावलीत ते तसंच गेलं की घर सापडायला पाच मिनिटं पुरतात, आणि आडनावावरून जात काढायला तेवढीही लागत नाहीत. पडद्यावर फक्त पहिलं नाव द्या किंवा ठरवून घेतलेलं वेगळं नाव. हा नियम सगळ्यांना लावा, नाहीतर तिचंच आडनाव का लपवलं, ही वेगळी चर्चा सुरू होते. गाडीची नंबर प्लेट, शाळेचा बोर्ड, पंचायतीचा फलक, गणवेशावरचा बिल्ला हे शॉटमध्ये आलं असेल तर झाका.

पिक्चर टाकायच्या पंधरा दिवस आधी तिचे अकाउंट तिच्यासोबत बसून तपासा. इन्स्टाग्राम प्रायव्हेट. फेसबुक प्रोफाइल लॉक. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असा. दुसऱ्यांनी टॅग केलेले जुने फोटो काढा. कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो तिथूनच उचलले जातात. टॅग आणि मेन्शन बंद. पडद्यावरच्या नावानं एक वेगळं अकाउंट टीमनं उघडून ठेवा, नाहीतर दुसरं कोणीतरी उघडतं. त्यावर तिचा नंबर द्यायचा नाही, टीमचा द्या.

टाकताना

आधी दोन्ही घरच्यांना पिक्चर एका टीव्हीवर, सोबत बसून दाखवा. अनलिस्टेड लिंक, म्हणजे यूट्यूबवर शोधून न सापडणारी पण लिंक असलेल्या कोणालाही उघडणारी, पाठवू नका, ती पुढे जाते. थंबनेलवर तिचा एकटीचा चेहरा, लाल गोल आणि बाण नको; आजी आणि हिरोची फजिती लावा. 'गावच्या पोरीनं केलं काय' असं नाव दिलं की व्ह्यू वाढतात, हे खरं. त्या व्ह्यूंची किंमत ती भरते.

यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये कम्युनिटीत जाऊन अडवायच्या शब्दांची यादी भरा. शिव्या सगळेच भरतात. त्याहून महत्त्वाचे शब्द आहेत तिचं आडनाव, वडिलांचं नाव, गाव, कॉलेज आणि जातींची नावं, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, चुकीच्या स्पेलिंगसकट. पहिले तीन दिवस सगळ्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरा. रात्री नऊ ते बारा गर्दी असते, तेव्हा दोघांनी पाळीपाळीनं बसावं. तिच्या भावाला या कामावर ठेवू नका. तो पहिल्या अर्ध्या तासात कोणाला तरी फाट्यावर बोलावतो.

हद्द ओलांडली तर

खोटं अकाउंट, फोटो जोडून केलेलं घाण चित्र, पाठलाग, धमकी : यातलं काही झालं की आधी पुरावा, मग रिपोर्ट. उलटं केलं तर पोस्ट उडते आणि हाती काही राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. ज्या फोनवर घेतलं तो फोन विकू नका, कारण असा डिजिटल पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा भाग आहे. त्यात निनावी तक्रार करता येते, पण तिचा माग घेता येत नाही. 'रिपोर्ट अँड ट्रॅक' निवडा. 1930 हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. तातडीला 112, महिलांसाठी 181. घाण चित्र असेल तर स्टॉप-एन-सी-आय-आय या संकेतस्थळावर चित्र न पाठवता त्याचा डिजिटल ठसा नोंदवता येतो, आणि सहभागी ॲप ते पसरण्यापासून अडवतात. ती सोय अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे.

ठाण्यात गेल्यावर एक गोष्ट अडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, आणि ग्रामीण भागातल्या कित्येक ठाण्यांचे प्रमुख सहायक निरीक्षक असतात. म्हणून "जिल्ह्याले जा" असं ऐकू येतं. तपास वर जाईल, पण गुन्हा तिथंच नोंदवता येतो. पाठलाग कलम 78 मध्ये बसतो, धमकी 351 मध्ये, दोन्ही भारतीय न्याय संहितेतले. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी शून्य क्रमांकानं एफआयआर घेता येतो. तिच्यासोबत टीममधलं कोणीतरी जा, शक्यतो बाई.

पिक्चरचे तुकडे कोणी दुसऱ्या चॅनेलवर चढवले तर सगळ्यात लवकर चालतो तो व्हिडिओ काढून टाकायला लावणारा कॉपीराइटचा अर्ज. मात्र तो हक्कदारालाच करता येतो, आणि पिक्चरचा हक्क निर्मात्याकडे असतो, हिरोईनकडे नाही. म्हणजे तिनं फोन केला की अर्ज तुम्हालाच भरायचा आहे, पिक्चर टाकून वर्ष झालं असलं तरी. चॅनेलचा पासवर्ड आणि मूळ फाइल दोघांकडे ठेवा. टीम फुटली, चॅनेल बंद पडलं, एकानं पुण्याला नोकरी धरली, तरी अर्ज करणारा कोणीतरी सापडला पाहिजे. पोळ्याच्या, यात्रेच्या आणि चौदा फेब्रुवारीच्या आसपास जुने तुकडे पुन्हा वर येतात. त्या आठवड्यांत पिक्चरचं नाव आणि तिचं पडद्यावरचं नाव टाकून एकदा शोधून पाहत जा.