सोवेटोत हिशेब शिकवताना

जोहान्सबर्गमध्ये माझा पॅकिंगच्या मालाचा छोटा धंदा आहे. आठवड्यातून एकदा सोवेटो या टाउनशिपमधल्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या वस्तीतल्या, एका चर्चच्या हॉलमध्ये मी किरकोळ विक्रेत्यांना हिशेब शिकवतो. इथे नव्याने आलेले मराठी लोक अधूनमधून विचारतात, ‘आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे.

बिझनेस प्लॅनचे छापील फॉर्म घरीच ठेवा. समोर बसलेल्या बायका पहाटे उठून मॅग्विन्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळतात, शाळेच्या फाटकावर विकतात. धंदा त्यांना येतो. पैसा सांभाळणंही येतं. बहुतेकींची स्टॉकव्हेल असते, म्हणजे आपली भिशीच. काही ठिकाणी पाळीपाळीने रक्कम मिळते, काही ठिकाणी वर्षभर साठवून डिसेंबरात घाऊक किराणा भरतात. त्यात एक रँड इकडचा तिकडे होत नाही. तीच बाई स्वतःच्या गल्ल्यातून मात्र मुलाचं टॅक्सीभाडं आणि प्रीपेड वीज भागवते, नि लिहीत नाही. म्हणून मी सांगतो, दुकानाला तुमच्या स्टॉकव्हेलची एक सभासद समजा. तिचे पैसे न विचारता उचलाल का? हे लगेच पटतं. मग स्वतःचा आठवड्याचा पगार ठरवून घ्यायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही.

यापुढचा धडा ‘कोटा’ या इथल्या खाण्याचा. ब्रेडच्या अख्ख्या लोफचा चौथा हिस्सा पोखरून त्यात चिप्स (म्हणजे बटाट्याचे फ्रेंच फ्राइज), पोलोनी (मांसाच्या जाड सॉसेजचे काप), सॉसेज आणि आचार भरतात. (आचार म्हणजे कैरीचं लोणचंच, इथल्या कोटाला त्याशिवाय चव नाही. आपल्याला ओळख काढायला तेवढं पुरतं.) समजा पाव ५ रँड, चिप्स ७, पोलोनी-सॉसेज ६, आचार १. झाले १९. विकला २५ला, म्हणून बाई खूश. मग विचारायचं, तेल, गॅस, कागद? त्याचे ४ धरले की हातात उरले २, आणि तिची मजुरी अजून धरलेलीच नाही. वर्ग इथे गप्प होतो. भाव वाढवला तर गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुसरीकडे जातं, त्यामुळे वाट खरेदीतूनच निघते: चौघींनी मिळून तेल आणि बटाट्याची पोती घाऊक आणायची. सोमाली आणि इथिओपियन स्पाझावाल्यांचा (स्पाझा म्हणजे टाउनशिपमधलं छोटं किराणा दुकान) माल स्वस्त पडतो तो बऱ्याच अंशी अशाच एकत्र खरेदीमुळे.

नोंदणीची घाई करू नका. कंपनी १७५ रँडमध्ये होते, म्हणून उत्साही शिक्षक सगळ्यांना करायला लावतात. मग दरवर्षीचं वार्षिक विवरण आणि कराचं रिटर्न मागे लागतं, धंदा चालो न चालो. मॅग्विन्यावालीला स्वतःच्या नावावरचा धंदा पुरतो. स्पाझाचं मात्र वेगळं आहे. २०२४मध्ये विषबाधेने मुलं दगावल्यावर सरकारने सगळ्या स्पाझांना नगरपालिकेत नोंदणी सक्तीची केली; तो अर्ज आधी भरून घ्या. तुमचंही बघा: धंद्याच्या व्हिसाला साधारण ५० लाख रँड भांडवल दाखवावं लागतं. नोकरीच्या व्हिसावर आला असाल तर शिकवण्याचे पैसे घेण्याआधी अटी वाचा.

‘तू परका, तुला आमचं काय पडलंय?’ हा प्रश्न येणारच. चिडू नका. वर्णभेदाच्या काळात टाउनशिपमधल्या कृष्णवर्णीयांना रोजच्या गरजेच्या मोजक्या वस्तूंपलीकडे दुकानदारी करू दिली जात नव्हती. शहरातला मोठा व्यापार दुसऱ्यांच्या हाती राहिला, त्यात भारतीय व्यापारीही होते. मे २००८मध्ये जोहान्सबर्गच्याच अलेक्झांड्रा टाउनशिपमधून परकीयांवर हल्ले सुरू झाले, साठहून अधिक माणसं गेली. म्हणून वर्गातल्या बायकांना माल विकायला जाऊ नका. मी माझ्या पिशव्या तिथे विकत नाही. कुठे स्वस्त मिळतात ते सांगतो, मग ते दुकान माझं नसलं तरी.

वर्ग शनिवारी ठेवू नका. टाउनशिपमध्ये अंत्यविधी शनिवारी सकाळी होतात आणि तिथे जावंच लागतं. महिन्याचा पहिला आठवडाही सोडा: पगार नुकताच झालेला असतो, सरकारी अनुदान तेव्हाच हातात येतं, विक्री जोरात असते, उधारीही तेव्हाच वसूल होते. मी बुधवारी दुपारी घेतो, शाळा सुटायच्या आत.