कुठला फुटबॉल खरंच जगभर वाढतोय हे कसं ओळखायचं

सिडनी किंवा मेलबर्नला नवीन आलेल्या आपल्या लोकांना पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसमध्ये कोणीतरी विचारतं, तुमची फुटी कुठली, आणि आपण फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डो समजून उत्तर देतो तेव्हा समोरचा गोंधळतो. कारण इथे फुटी म्हणजे निदान चार वेगळे खेळ. सिडनी-ब्रिस्बेनला तेराजणांची रग्बी लीग, तिची मोठी स्पर्धा म्हणजे एनआरएल, मेलबर्न-ॲडलेड-पर्थला ऑस्ट्रेलियन रूल्स, त्याची एएफएल, मोठ्या फीवाल्या प्रायव्हेट शाळांमधून आलेल्यांची पंधराजणांची रग्बी युनियन, आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो सॉकर. आता त्यात अमेरिकन फुटबॉलची एनएफएलपण घुसलीये, 2026 ला लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीमची मॅच थेट एमसीजीवर ठेवलीये.

यातला सगळ्यात कडवा वाद म्हणजे आमचाच खेळ जगात पसरतोय, तुमचा नाही. मी गेली काही वर्षं हा वाद मनापासून फॉलो करतोय, मुलगा शनिवारी रग्बी लीग (पुढे नुसतं लीग म्हणतो) खेळतो म्हणून जास्तच, आणि कोण खरं बोलतंय हे तपासायची माझी एक पद्धत बसलीये, ती इथे लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढा, सॉकर. फिफाचे 211 सदस्य आहेत, त्याच्याशी बाकीच्यांनी तुलना करण्यात अर्थच नाही. खरी चढाओढ उरलेल्यांमध्ये आहे. आणि "आमचे इतके देश मेंबर आहेत" हा आकडा कोणीही फेकला तरी त्यावर वेळ घालवू नका, तिथे किती पोरं खेळतायत ते त्यातून कळत नाही.

पहिलं काम, परदेशात झालेली मॅच आणि परदेशात रुजलेला खेळ हे दोन वेगळे काढायचे. एएफएलने 2017 पासून तीन वर्षं शांघायला खरी, पॉइंटवाली मॅच नेली, पोर्ट ॲडलेड हा क्लब दरवर्षी, समोर दोनदा गोल्ड कोस्ट आणि 2019 ला सेंट किल्डा. गर्दी सुमारे 10 हजार, पण त्यातला मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियातूनच विमानाने आलेला. 2020 ला कोविड आला, मॅच रद्द झाली ती झालीच. आता एनआरएल मार्च 2024 पासून सीझनची सुरुवात लास वेगासला करतेय, पहिल्याच वर्षी 40 हजारांवर लोक आले, मी ती मॅच घरी बघितली आणि खूप भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या स्टँडमध्येही ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोस आणि सिडनीच्या साउथ्स क्लबच्या जर्सी घातलेले इथलेच लोक भरपूर दिसत होते. म्हणून अशी मॅच झाली की मी एकच प्रश्न विचारतो, सोमवारी सकाळी त्या गावात काय उरलं? एखादा कोच उरला का, शाळेत चालणारा प्रोग्रॅम उरला का, टीव्हीवर पुढच्या आठवड्याची मॅच लागते का?

या बाबतीत एनएफएलकडून शिकण्यासारखं आहे. ते 2007 पासून लंडनला मॅचेस नेतायत, मग म्युनिक, फ्रँकफर्ट, साओ पावलो, डब्लिन, माद्रिद असं वाढवत गेले, आणि त्याच्या जोडीला 2017 पासून परदेशी प्लेयर घडवायचा वेगळा प्रोग्रॅम चालवतात. जॉर्डन मायलाटा त्यातूनच आला, सिडनीचा पोरगा, साउथ्सच्या ज्युनियर टीममधून रग्बी लीग खेळणारा, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे प्लेयर निवडतात त्यात, 233 व्या नंबरवर निवडला गेला आणि फेब्रुवारी 2025 ला फिलाडेल्फियाकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. लीगवाल्यांना हे झोंबतं आणि मला त्यांचं पटतं, कारण ही वाढ एनएफएलची असली तरी पोरगा लीगने वाढवलेला होता. त्यामुळे कुठल्या खेळाकडे किती पोरं येतायत याबरोबर त्याच्याकडून किती निघून जातायत हेही बघा.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, नॅशनल टीममध्ये कोण खेळतं आणि क्लब त्यांना सोडतात का ते तपासायचं. इथे मला टोंगाबद्दल बोलायचंच आहे. एक लाखाच्या आसपास वस्तीचा देश. 2017 च्या लीग वर्ल्ड कपच्या तोंडावर जेसन टाउमालोलो, जो आधी न्यूझीलंडकडून खेळला होता, आणि अँड्र्यू फिफिटा, जो ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता, दोघांनी सांगितलं की आम्ही आईबापाच्या देशाकडून खेळणार. टोंगाकडून मिळणारे पैसे ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत किरकोळ होते. आणि मग न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला टोंगाने न्यूझीलंडला 28-22 हरवलं, स्टेडियम लाल झेंड्यांनी भरलेलं, रात्रभर ऑकलंडच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, सेमी फायनलला इंग्लंडकडून फक्त 20-18 ने हरले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2019 ला, ऑकलंडच्या ईडन पार्कवर ऑस्ट्रेलियालाच 16-12 ने हरवलं. मग 2022 ला सामोआ इंग्लंडला 27-26 ने हरवून फायनलला पोचली, ल्युआई आणि टोओसारखे एनआरएल जिंकलेले प्लेयर ऑस्ट्रेलियाऐवजी सामोआकडून खेळले.

यावर युनियनवाले म्हणतात, ही पोरं तर ऑकलंड आणि पश्चिम सिडनीत जन्मलेली, यात टोंगात काय वाढलं? प्रश्न बरोबर आहे, त्याला उडवून लावू नका. पण माझं मत असं की सणाला गावी जाता न आलेला माणूसही त्या गावचाच असतो, आणि जर्सी कुठली घालायची हा निर्णय पोरांनी स्वतः घेतला. शिवाय युनियनमध्येही हेच चालतं, जपान 2019 ला घरच्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवून क्वार्टर फायनलला गेलं तेव्हा कॅप्टन मायकल लीच होता, न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी शिकायला जपानला आलेला. 2022 पासून तर युनियननेही नियम बदलला, तीन वर्षं थांबलं की जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडून खेळता येतं.

लीग कुठे कमी पडते तेही सांगतो, कारण आपल्या बाजूचं झाकून वाद जिंकण्यात मजा नाही. युनियनचा वर्ल्ड कप 1987 पासून चार वर्षांनी ठरल्याप्रमाणे होतो, आणि इंटरनॅशनल मॅचेसच्या ठरलेल्या काळात क्लबला प्लेयर सोडावाच लागतो. लीगचा वर्ल्ड कप 1954 चा, म्हणजे कितीतरी जुना, पण वेळापत्रकाचा पत्ता नसतो. 2021 चा कप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने कोविडचं कारण देऊन इंग्लंडला जायला नकार दिल्यावर वर्षभर पुढे गेला, 2025 चा फ्रान्सला होता तो फ्रान्सने 2023 मध्ये सोडला, आता 2026 ला ऑस्ट्रेलियात ठेवलाय. पोरांच्या मनात देश आहे पण कॅलेंडरमध्ये देशाला जागा नाही, हा लीगचा जुना आजार आहे. आणि त्याच सामोआच्या 2022 च्या टीममधला जोसेफ सुआली दोन वर्षांनी युनियनच्या ऑस्ट्रेलियन जर्सीत लंडनच्या ट्विकनम स्टेडियमला उतरला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

तिसरं काम, तिथल्या पोराला तो खेळ आहे त्या जागेत खेळता येतो का ते बघा. एएफएलला एका बाजूला अठरा प्लेयर आणि भलंमोठं अंडाकृती मैदान लागतं, खेळ मुळात 1859 च्या मेलबर्नमध्ये क्रिकेटवाल्यांच्या भोवतीच उभा राहिला, त्यामुळे जिथे क्रिकेटची मैदानं आहेत तिथे सोय होऊ शकते. पण दुसऱ्या देशात प्रोफेशनल लीग नसल्यामुळे त्यांना तोडीचा पाहुणा मिळत नाही, आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलवाल्यांबरोबर मिश्र नियमांनी खेळून ती भूक भागवली. पॅसिफिकमधल्या चिमुकल्या नाउरू देशात मात्र हाच खेळ घरचा आहे, ते मान्य करावं लागेल. युनियनने सातजणांचा छोटा प्रकार ऑलिंपिकमध्ये 2016 पासून नेला आणि त्याचा फायदा लहान देशांना झाला, फिजीने पहिलंच गोल्ड घेतलं. एनएफएलने तेच ओळखून फ्लॅग फुटबॉल, म्हणजे समोरच्याला न पाडता त्याच्या कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला आणलाय, ना हेल्मेट ना महागडे पॅड. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 2012 च्या सुमाराला भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली होती, पुणे मराठाज नावाची टीमही होती, मॅचेस मात्र श्रीलंकेत कोलंबोला खेळवल्या, आणि ते काही टिकलं नाही. जून 2025 ला मुंबईत अंधेरीला सातजणांच्या रग्बीची लीग झाली, ती निदान आपल्या मैदानावर, आपल्या पोरांसमोर झाली.

शेवटचं, पैसा कोण देतंय आणि का. पापुआ न्यू गिनीला रग्बी लीग म्हणजे जवळजवळ धर्म आहे, आणि तिथली टीम 2028 पासून एनआरएलमध्ये येणार आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देतंय, आणि त्यामागे पॅसिफिकमध्ये चीनचं वजन वाढू नये हा हिशोब आहे हे इथे सगळ्यांना माहितीये. म्हणून काही लोक म्हणतात, ही खेळाची वाढ नाही, हे राजकारण आहे. मला वाटतं दोन्ही आहे. तिथली हंटर्स ही टीम 2014 पासून क्वीन्सलँडच्या स्पर्धेत खेळते आणि 2017 ला जिंकलीही, जस्टिन ओलाम तिथल्या डोंगराळ भागातून येऊन 2020 ला मेलबर्नकडून एनआरएल जिंकला, म्हणजे सरकारी पैसा यायच्या आधीच तिथे पोरं होती. बाहेरचे स्टार तिथे यावेत म्हणून टॅक्सची सूटपण ठेवलीये. तेव्हा 2028 ला पहिल्या मॅचची टीम लिस्ट लागली की स्कोअरच्या आधी ती उघडा आणि लाए, गोरोका, पोर्ट मोर्सबीला वाढलेली नावं किती आहेत ते मोजा, मग दरवर्षी त्याच तारखेला परत मोजा.