पायथनमधील अंगभूत फंक्शनची नावे व्हेरिएबलला देणे कसे टाळावे

इफ, फॉर, क्लास यांसारखा राखीव शब्द व्हेरिएबलचे नाव म्हणून वापरला, तर सिंटॅक्स एरर येते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. सम, मॅक्स, लिस्ट, इनपुट, आयडी ही पायथनमध्ये आधीपासूनच असलेली, म्हणजे अंगभूत, नावे मात्र राखीव नसल्यामुळे त्यांत काहीही ठेवता येते आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून ही चूक मला अधिक घातक वाटते.

समजा, ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत लिहून चालवण्याच्या साधनात, एका विद्यार्थ्याचे ७२, ६५ आणि ८० हे गुण घेऊन सम फंक्शनने त्यांची बेरीज केली आणि ती सम याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली. उत्तर २१७ असे अचूक येते. पुढच्या विद्यार्थ्यासाठी तीच ओळ पुन्हा चालवली की ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ ही टाइप एरर समोर येते, कारण सम म्हणजे आता फंक्शन नसून २१७ ही संख्या असते. पायथन कोणतेही नाव आधी चालू फंक्शनमध्ये, मग त्याच्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, नंतर मॉड्यूलमध्ये, म्हणजे फंक्शनबाहेरच्या कोडमध्ये, आणि सर्वांत शेवटी अंगभूत नावांमध्ये शोधतो, आणि जिथे ते प्रथम सापडते तिथेच थांबतो. हीच ओळ एखाद्या फंक्शनच्या आत लिहिली, तर ती पहिल्याच फेरीत अनबाउंड लोकल एरर देते. किंमत दिल्यामुळे सम हे नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक ठरते आणि बेरीज करण्याच्या क्षणी ते रिकामेच असते.

उपाय नाव ठेवतानाच करावा. व्हेरिएबलमध्ये काय आहे ते नावातून सांगितले, म्हणजे सम ऐवजी टोटल_मार्क्स आणि लिस्ट ऐवजी स्टुडंट्स असे लिहिले, की बहुतेक वेळा प्रश्न उद्भवतच नाही. दुसरे नाव खरोखरच सुचत नसेल, तर शेवटी अंडरस्कोर जोडावा. पेप ८ या शैलीसंहितेत ही पद्धत राखीव शब्दांसाठी दिली आहे, पण अंगभूत नावांसाठीही ती सर्रास वापरली जाते. ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन लिहिलेला आयडी मात्र अंगभूत आयडीला झाकत नाही. नजरचुकीने राहिलेली नावे पायलिंट हा कोड तपासणारा प्रोग्राम ‘रीडिफाइन्ड बिल्टइन’ अशा इशाऱ्याने दाखवून देतो.

चूक झालीच असेल, तर नोटबुकमधील तो सेल नुसता पुसून उपयोग नाही, कारण ते नाव कर्नलच्या, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्मृतीत तसेच राहते. आधी ओळीतील नाव बदलावे, मग डेल सम ही आज्ञा द्यावी किंवा कर्नल पुन्हा सुरू करावा. मूळ फंक्शन केवळ झाकले गेलेले असल्यामुळे ते लगेच परत मिळते.