२५५ दिसले, मग एक थ्रेड गेला कुठे?

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पावसाळ्यात एक वापरलेला सर्व्हर आला. एएमडीचे दोन एपिक (EPYC) ७७४२ प्रोसेसर, प्रत्येकी ६४ कोअर, आणि प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, चालवतो; म्हणजे एकूण २५६ थ्रेड. त्यावर मी फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. तुम्हीही असं मशीन घेणार असाल, तर आधी विजेचं बघा. नुसते दोन प्रोसेसरच ४५० वॅटचे, वर मेमरी आणि पंखे. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर हे लावू नका. आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "ताई, एसीसारखी वेगळी लाइन ओढू," आणि त्यांनी १६ अँपिअरचा पॉइंट काढून दिला.

लॅमिंग्टन रोडला ३२ जीबीच्या ८ स्टिक स्वस्तात मिळत होत्या. मी १६ जीबीच्या १६ घेतल्या. प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे ८ चॅनेल असतात. निम्मे रिकामे राहिले तर एवढे कोअर मेमरीची वाट बघत बसतात. इथे पैसे वाचवू नका.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. मेमस्टिक इमेज (इन्स्टॉलेशनची फाइल) पेनड्राइव्हवर लिहा, यूईएफआयमधून (मशीनच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममधून) बूट करा, फाइल सिस्टिम म्हणून झेडएफएस निवडा. अर्ध्या तासात उरकतं.

माझी संध्याकाळ गेली ती पुढे. सिस्टिम वर आली आणि सीपीयू मोजले (सिस्टिम प्रत्येक थ्रेडला एक सीपीयू धरते), तर २५५! प्रोसेसर खराब निघाला की काय, म्हणून पोटात गोळा आला. खराब काहीच नव्हतं. थ्रेडना क्रमांक देऊन त्यांना निरोप पोचवणाऱ्या भागाला एपिक (APIC) म्हणतात; प्रोसेसरच्या नावातला एपिक वेगळा. त्याच्या जुन्या एक्सएपिक (xAPIC) पद्धतीत प्रत्येक थ्रेडचा क्रमांक ८ बिटांत बसतो, ० ते २५५. त्यातला २५५ हा 'सगळ्यांना' अशा निरोपासाठी राखीव. म्हणून शेवटच्या थ्रेडला क्रमांकच उरत नाही. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) लोकल एपिक मोड 'एक्स२एपिक' (x2APIC) ही नवी पद्धत केला, पुन्हा बूट केलं आणि २५६ पूर्ण झाले. हे इन्स्टॉलेशनच्या आधीच करून घ्या. आवृत्तीही १४ किंवा पुढचीच घ्या: तिच्यात सीपीयूंची मर्यादा १०२४ आहे, आधी ती २५६ होती.

त्याच बायॉसमध्ये एनपीएस नावाचा पर्याय दिसेल. एका सॉकेटची, म्हणजे एका प्रोसेसरची, मेमरी किती नूमा भागांत (कोअरला जवळच्या मेमरीच्या गटांत) वाटायची, ते तो ठरवतो. मी एनपीएस १ ठेवलं, म्हणजे दोन सॉकेटचे दोन भाग. एनपीएस ४ केलं तर आठ होतात. कुठलं काम कुठल्या भागात चालवायचं हे हाताने बांधून देणार असाल, तरच त्या वाटेला जा.

आता पूड्रिएर, म्हणजे फ्रीबीएसडीची सॉफ्टवेअर पॅकेजं मूळ कोडपासून तयार करणारं साधन. मी यावर पॅकेजं बिल्ड करते. पहिल्या दिवशी उत्साहाने २५६ जॉब एकदम सोडले. जॉबमागे जेमतेम १ जीबी मेमरी आली, आणि एलएलव्हीएमसारखी (कंपायलरची) मोठी पॅकेजं मधेच मरायला लागली. आता समांतर जॉब ३२ ठेवते, आणि मोठ्या पॅकेजांची कामं टीएमपीएफएसऐवजी (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेऐवजी) डिस्कवर.