पुनर्जन्माची वेब कादंबरी कशी जोखावी

नायक ट्रकखाली मेला, सरदाराच्या घरी बाळ होऊन जन्मला, हे पहिल्याच प्रकरणात उरकलं म्हणून नाक मुरडू नका. या प्रकारात तो रिवाजच आहे. मी बघते ते वेगळं: आधीचा जन्म पुढे कामी येतो का? नायक गेल्या जन्मी हिशेबनीस होता ना, मग कोठारातली धान्यचोरी त्याने वह्या चाळून पकडावी. जुना जन्म नुसता टोमणे मारण्यापुरता उरला, तर लेखकाने आपली सहानुभूती फुकटात उपटली, बस्स.

मग शत्रू. मुरलेल्या सेनापतीला खंदक सुचत नाही आणि सहा वर्षांचं पोर तो सुचवतं! इथे मी सरळ गुण कापते.

पाल्हाळाला मात्र थोडी सूट द्या. २००४ साली सुरू झालेल्या जपानच्या ‘शोसेत्सुका नि नारो’सारख्या संकेतस्थळांवर लेखक स्वतःच एकेक प्रकरण टाकत जातो, मध्ये संपादकाची कात्री नसते. पण नायकाच्या कौशल्यांचा, व्हिडिओ गेममध्ये असतो तसा, तोच तक्ता दर प्रकरणात चिकटवला असेल, तर ती निव्वळ पानं भरणं. भाषा ओबडधोबड, पण नव्या आईला ‘आई’ म्हणताना नायक अडखळतो? मग वाचत राहा.

पन्नास प्रकरणांत त्याचा एकदाही सपशेल पराभव झाला नाही, तर खुशाल सोडून द्या.